चाखलेला घास

कोल्हापुरात पोटाच्या डॉक्टरला कामाची ददात नाही. तांबडा-पांढरा वाट्यांवर वाट्या ओरपायचा, मिसळीवर कट मागून घ्यायचा आणि माझ्यासमोर बसून सांगायचं, "म्याडम, तिखट म्हणाल तर आमच्या घरात कोणच खात न्हाय." मीही मंगळवार पेठेत वाढलेली आहे. माझ्यापुढे ही थाप चालत नाही, पण थाप मारणाऱ्यांचा मला रागही येत नाही. खाण्यावर जीव असलेली माणसं खोटं बोलली तरी मनानं बरी असतात, असं माझं आपलं एक मत आहे.

राजारामपुरीतल्या एका गल्लीत दुसऱ्या मजल्यावर माझं क्लिनिक आहे. खाली बेकरी. सकाळी खारीचा वास जिन्यानं वर येतो आणि तपासणीसाठी उपाशीपोटी आलेल्यांचा अंत बघतो. आतल्या खोलीत गिळण्याची तपासणी करायचं मशीन आहे. त्या तपासणीचं खरं नाव लांबलचक आणि इंग्रजी. आमच्याकडे सगळे तिला 'नळी' म्हणतात. घास छातीत अडकतो अशी तक्रार असली की नाकातून एक बारीक नळी पोटापर्यंत सोडायची. तिच्यावर वरपासून खालपर्यंत दाब मोजणारे सेन्सर असतात. मग मिठाच्या पाण्याचा एकेक घोट द्यायचा आणि गिळायला सांगायचं. अन्ननलिका कुठं किती आवळली ते पडद्यावर रंगांत दिसतं. दाब नसेल तिथं निळं, असेल तिथं हिरवं-पिवळं, फार असेल तिथं लाल.

निरोगी माणसाचा घोट म्हणजे वरून खाली उतरणारा एक तिरका रंगीत पट्टा. आधी घशाचं दार उघडतं, मग पट्टा उतरतो, आणि खाली पोटाच्या तोंडाची झडप उघडून घोट आत घेते. एका आजारात मधला पट्टा उमटतच नाही. अन्ननलिका मेल्यासारखी निळी राहते, खालची झडप घट्ट मिटलेली, आणि माणूस भरल्या ताटासमोर उपाशी राहतो. पट्टा येतो किंवा येत नाही. पण वरचं दार उघडण्याआधीच खाली पट्टा धावला, असं मी तोवर एकदाही पाहिलं नव्हतं.

मशीन अझहर चालवतो. हाताला हलका, तोंडाला फटकळ. खोलीत आमचा एकच कडक नियम आहे, तपासणी चालू असताना नातेवाईक बाहेर. एका आजोबांचे चौघे मुलगे आत उभे राहून "गिळा, गिळा!" असं ओरडत होते, जणू मैदानात कुस्ती लागली आहे. त्या दिवसापासून मी आतून कडी लावते.

जोतीराम पैलवान आमच्याकडे आले ते गेल्या दिवाळीनंतर. मलकापूरच्या पुढं कुठंतरी त्यांचं गाव. सोबत मुलगा कृष्णात आणि बायको झुंबरबाई. पैलवानांचे दोन्ही कान मातीत मोडून गोळा झालेले, खांदे अजून दारात मावत नव्हते, पण सदरा मात्र दोरीवर वाळत घातल्यासारखा लोंबत होता. झुंबरबाई त्यांच्या निम्म्यानं. मिश्रीनं काळसर झालेले दात, नाकात मोरणी, आणि डोळे असे की समोरच्याच्या पोटात काय आहे ते नळीवाचून कळावं.

"नाव काय म्हणायचं डॉक्टरीणबाईचं?" त्यांनी विचारलं.

"संयोगिता."

"नाव भरलेलं हाय. अंगावर मास न्हाय."

गिळताना काय होतं ते बघायला मी पैलवानांपुढे पाण्याचा ग्लास ठेवला. त्यांनी हात लावला नाही. झुंबरबाईंनी ग्लास उचलला, एक घोट घेतला, भिंतीकडे बघत जरा थांबल्या आणि मग नवऱ्याच्या हातात दिला. पैलवानांनी तो गटागटा संपवला. मी कृष्णातकडे पाहिलं.

"आई असली की जातंय बघा," तो म्हणाला. "मधी ती गडहिंग्लजला माझ्या बहिणीच्या बाळंतपणाला गेलती. तवा आप्पांना पाणीसुदिक जाईना. निम्मं झालं की वो."

"पण आधी तुम्ही का प्यायलात?" मी झुंबरबाईंना विचारलं.

"पैलवान होतं न्हवं," त्या म्हणाल्या. जणू एवढ्यात सगळं आलं. माझा चेहरा बघून त्यांनी पुढं सांगितलं. "मैदानाच्या आधी कोण खुराकात काय कालवंल, सांगता येतंय व्हय? लग्नात ह्यांच्या वस्तादांनी मला बाजूला घेतलं आन् म्हणालं, पोरी, ह्याच्या तोंडात जाईल ते आधी तुझ्या तोंडात जाऊ दे. तवापास्नं चाखतीया. दूध, थंडाई, भाकरी, औषदाची गोळीबी जरा जिभंला लावती."

"अहो, पण आता कोण विष घालणार आजोबांना?"

"घालणारा सांगून घालतोय व्हय?"

पैलवान मिशीत हसले. "चाळीस वर्सं झाली कुस्ती सोडून. ही काय मला सोडंना."

दुसऱ्या दिवशी सकाळी नळी घातली. झुंबरबाईंना बाहेर बाकावर बसवलं, कडी लावली. अझहरनं सिरींजनं तोंडात घोट सोडला. पैलवानांनी गिळलं, घशाचं दार उघडलं, आणि त्याच्याखाली सगळं निळं. दुसऱ्या घोटालाही तेच. तिसरं पाणी तोंडातून परत आलं आणि त्यांना ठसका लागला. एवढा मोठा देह खाटेवर पडून चमचाभर पाण्याशी झटत होता. मला बघवेना.

"सरळ केस हाय म्याडम," अझहर हळूच म्हणाला. "अन्ननळी मेलीया."

पाणी पुसायला कापूस संपला म्हणून त्यानं कडी काढली. तेवढ्यात झुंबरबाई आत येऊन स्टुलावर बसल्यासुद्धा. मी रागावणार, तोच त्यांनी मिठाच्या पाण्याचा कागदी कप उचलून एक घोट घेतला.

"शी! खारट हाय की!"

मी पडद्याकडे बघत होते म्हणून मला दिसलं. पैलवानांच्या तोंडात काही नव्हतं. त्यांनी गिळलं नव्हतं. घशाचं दार बंद होतं. आणि त्या बंद दाराच्या खालून एक पट्टा निघाला, हिरवा, मग पिवळा, सावकाश छातीतून उतरला, आणि खालची झडप उघडली.

मग अझहरनं घोट दिला, पैलवानांनी गिळला, आणि त्याच वाटेनं दुसरा पट्टा गेला.

"हे पहिलं कुठनं आलं?" अझहरनं विचारलं.

मी झुंबरबाईंना बाहेर बसवलं, नळीचा दाब पुन्हा शून्यावर आणला. सगळं निळं. त्यांना आत घेतलं, त्यांनी चाखलं, पट्टा आला. पुन्हा बाहेर, पुन्हा निळं. दुसऱ्या दिवशी त्याच नळीनं जयसिंगपूरच्या एका व्यापाऱ्याची तपासणी केली. आगाऊ पट्टा एकही नाही. मशीनमध्ये खोट नव्हती. बायको जवळ असली की माणूस सैलावतो, सैलावला की गिळतो, असं मी अझहरला समजावलं. "व्हय म्याडम," तो म्हणाला, आणि त्याला पटलेलं नाही हे मला कळलं. मलाही कुठं पटलं होतं!

पैलवानांच्या तपासणीच्या दिवशी निघताना मी झुंबरबाईंना नियमाची आठवण दिली. नातेवाईकांनी असं आत घुसायचं नसतं.

"बरं बाई. हितनं पुढं तू बोलावल्याबिगर याची न्हाय." मग त्यांची नजर माझ्या टेबलावरच्या डब्यावर गेली. "दुपार टळून गेली. जेवली न्हाईस व्हय अजून?"

मी काही म्हणायच्या आत त्यांनी डबा उघडला, चपातीचा कोपरा मोडला, वांग्याच्या भाजीत बुडवून तोंडात टाकला आणि भिंतीकडे बघत थांबल्या. मीही नकळत थांबले.

"हां," त्या म्हणाल्या. "मीठ कमी हाय, पर चांगली हाय. खा. आजपास्नं तुझंबी माझ्याकडं."

आई गेल्यापासून 'जेवलीस का' असं मला कुणी दरडावून विचारलं नव्हतं. त्या बाईवर माझा तिथल्या तिथं जीव जडला, हे कबूल करायला मला काही वाटत नाही.

या आजारावर ऑपरेशन आहे, पण पैलवानांचं हृदय फार थकलेलं होतं. भूल देणाऱ्या डॉक्टरांनी कागद बघूनच हात जोडले. फुग्यानं झडप ताणायची म्हटलं तरी धोका होताच. राहता राहिलं एकच. मऊ अन्न, बसून जेवण, आणि झुंबरबाई शेजारी.

"ती आधी गेली तर म्या म्हैनाभर टिकत न्हाय," पैलवान सरळ म्हणाले. त्यात रड नव्हती. समोरचा गडी वजनात भारी आहे एवढंच सांगावं, तसं.

"म्या कुठं जातीया?" झुंबरबाई फिस्कारल्या. "तुम्हाला उपाशी टाकून वर गेली तर वस्ताद मला दारात उभं करतील काय?"

पुढचे काही महिने कृष्णात मोबाईलवर फोटो पाठवायचा. पैलवान वजनकाट्यावर. पैलवान आंबोळी खाताना, शेजारी झुंबरबाई, त्यांचा गाल फुगलेला. सदरा अंगाला लागत चालला होता. मी ते फोटो अझहरला दाखवायची आणि तो म्हणायचा, "ह्यो बघा आपला ऑपरेशन न केलेला पेशंट."

श्रावणात एका सकाळी कृष्णातचा निरोप आला. आई गेली. रात्री जेवून झोपली, सकाळी उठली नाही.

मी केबिनमध्ये बसून रडले. मग डोळे पुसून कृष्णातला फोन लावला. आप्पांना आजच्या आज घेऊन ये, पोटातून नळी घालून अन्न द्यावं लागेल, एक दिवसही दवडू नकोस. तो म्हणाला, आईचे दिवस झाल्याशिवाय आप्पा घर सोडायला तयार नाहीत. मी त्याला वाट्टेल ते बोलले. तो ऐकून घेत राहिला. शेवटी म्हणाला, "खात्यात म्याडम ते. तुम्ही काळजी करू नका."

मला वाटलं, पोरगं माझं समाधान करतंय.

दिवस झाल्यावर ते आले. मी खालच्या मजल्यावर व्हीलचेअर ठेवून घेतली होती. पैलवान जिना चढून आले. काट्यावर उभे राहिले तर वजन होतं तेवढंच, उलट थोडं वरच. मी त्यांचा हात धरला. ते माझ्याकडं बघून मायेनं हसले, आणि माझ्या डोळ्यांत पाणी आलं तर उलट त्यांनीच माझ्या डोक्यावर हात ठेवला.

कृष्णात मला बाजूला घेऊन म्हणाला, "एक हाय म्याडम. ताट वाढलं की हात लावत न्हाईत. थांबत्यात. मग 'हां' म्हणत्यात आन् सुरू करत्यात."

"कशासाठी थांबतात?"

त्यानं माझ्याकडं पाहिलं, मग खिडकीतून खाली बेकरीकडं पाहिलं. "म्या इचारलं न्हाय."

तपासणीची नळी पुन्हा घालायची ठरली. मला बघायचंच होतं. कृष्णातला बाहेर बसवलं, सवयीनं कडी लावली. स्टूल अजून खाटेशेजारीच होतं. अझहरनं ते उचललं नाही आणि त्यावर बसलाही नाही.

पहिला घोट. घशाचं दार उघडलं. खाली निळं.

दुसरा. निळं. पाणी परत आलं, ठसका लागला.

खरं सांगते, क्षणभर मला हायसं वाटलं. मशीन बरोबर होतं, पुस्तकं बरोबर होती. आणि लगेच स्वतःची लाज वाटली, कारण मग हा माणूस उपासमारीनं जाणार होता.

पैलवानांनी डोळे उघडले. नाकात नळी, त्यामुळं आवाज बसका.

"म्याडम, कडी लावलीया?"

"हो."

"काढा की. भाईर उभी असंल. तुम्ही बोलावल्याबिगर याची न्हाय ती."

अझहरचा हात सिरींजवर थांबला.

मी उठले आणि कडी काढली. बाहेर कृष्णात पॅसेजच्या टोकाला खिडकीपाशी फोनवर बोलत होता. बाक रिकामा होता. खारीचा वास येत होता. मी दार धरून उभी राहिले. मागं माझा पेशंट उपाशी पडला होता आणि समोर कुणी नव्हतं. काय करावं मला कळेना.

मग मी म्हटलं, "या."

कुठल्याही नातेवाइकाला म्हणावं तसंच म्हटलं.

परत येऊन बसले. कडी लावली नाही.

खोलीत मशीनच्या पंख्याचा तेवढा आवाज होता. पैलवान भिंतीकडे बघत होते. अझहर पडद्याकडे. मी स्टुलाकडे बघायचं टाळत होते.

घशाचं दार बंद होतं.

खालून पट्टा निघाला.

सावकाश उतरला. झडप उघडली.

"हां," पैलवान म्हणाले आणि तोंड उघडलं.

अझहरनं घोट दिला. तो विनासायास गेला. पुढचाही गेला. प्रत्येक घोटाच्या पुढं एक पट्टा होता, आणि तो आपला वाट दाखवत चालला होता. संपल्यावर अझहरनं नळी काढली, तोंड पुसलं आणि पैलवानांना उठून बसवलं.

जाताना पैलवान केबिनच्या दारात थांबले. "लई उपकार झालं बघा."

"मी काय केलं आप्पा?"

"दार उघडलं की." त्यांनी माझ्या टेबलाकडं पाहिलं. "आन् येळंवर जेवत जा. तुमच्यावर लई जीव हाय तिचा."

हाय, म्हणाले. होता नव्हे. म्हाताऱ्या माणसांची जीभ सवयीनं वळते, असं मी मनाशी म्हटलं आणि त्यांना जिन्यापर्यंत पोचवलं.

पुढचे पेशंट संपेपर्यंत दुपार टळून गेली. अझहर जेवायला घरी गेला. एरवी जेवताना मी केबिनचं दार आतून लावून घेते. त्या दिवशी लोटलंसुद्धा नाही. डबा उघडला. चपाती आणि वांग्याची भाजी. भूक सपाटून लागली होती. मी चपातीचा तुकडा मोडला, भाजीत बुडवला, उचलला.

आणि माझ्या छातीतून काहीतरी खाली उतरू लागलं.

घसा बंद होता, मी गिळलं नव्हतं. रोज पडद्यावर बघते ती वाट मला पाठ आहे. ते मधोमध आलं, सावकाश पुढं गेलं, खाली पोचलं. झडप उघडल्याचं मला कळलं. मी भिंतीकडे बघत थांबले. तोंडात मिश्रीचा कडवट वास आला, आणि त्यामागून भाजीची चव. मीठ कमी होतं.

घास अजून माझ्या हातातच होता.